डोक्याला लागलं तरी खेळला, याचं कौतुक नको

पत्राचा सारांश: नाशिकमधल्या एका वडिलांनी लिहिलं आहे. नोकरी अंबडला, घर सिडकोत. मुलगा आठवीत, वय १३. त्यांच्या शब्दांत, "पहिल्यापासून मवाळ. कुणी ढकललं तर उलट ढकलणार नाही, घरी येऊन रडेल." गेल्या वर्षी शाळेत रग्बीची टीम निघाली. चार टक्केटोणपे खाल्ले की पोरगा घडेल, म्हणून वडिलांनीच त्याचं नाव दिलं. वर्षभर तो बहुतेक बाकावरच होता. गेल्या महिन्यात पंचवटीत दोन दिवसांची स्पर्धा झाली, तिथे दोघं आजारी पडल्यामुळे त्याला खेळायला मिळालं. संघ सगळ्या मॅच हरला. दुसऱ्या दिवशी शेवटच्या मॅचमध्ये याच्या हातून चेंडू सुटला, समोरच्यांनी ट्राय केला (म्हणजे चेंडू पलीकडच्या रेषेपार टेकवून गुण घेतले) आणि हा मैदानातच रडायला लागला. गाडीवरून घरी येताना वडील एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर म्हणाले, "रडायचं असेल तर खेळू नकोस." तेव्हापासून प्रॅक्टिसच्या दिवशी सकाळी त्याच्या पोटात दुखतं. आई म्हणते, सोडू द्या. वडिलांना वाटतं, आज हे सोडलं तर उद्या सगळंच सोडायची सवय लागेल. "आपल्या नाशिकची कविता राऊत अनवाणी धावत मोठी झाली, याला तर सगळं हातात आहे," असंही त्यांनी लिहिलंय. त्यांचा प्रश्न: जबरदस्तीने पाठवू का? आणि मुलगा कणखर व्हावा म्हणून काय करू?

पत्रात ओघात आलेलं एक वाक्य जसंच्या तसं देते: "पहिल्या दिवशी एका पोराचं डोकं याच्या डोक्यावर जोरात आपटलं, संध्याकाळपर्यंत गरगरतंय म्हणत होता, तरी दुसऱ्या दिवशी उतरला, तेव्हा मला खरंच अभिमान वाटला."

नमस्कार,

तुमच्या प्रश्नाकडे येतेच, पण आधी ते शेवटचं वाक्य. तुम्ही ते सहज लिहून पुढे गेलात, मला मात्र पुढे जाता येईना.

डोक्यावर डोकं आपटलं आणि त्यानंतर गरगरत राहिलं, तर डॉक्टर तपासून 'नाही' म्हणेपर्यंत ते कन्कशन आहे असंच धरून चालायचं असतं. म्हणजे मेंदूला बसलेला हिसका. त्यासाठी बेशुद्ध व्हावं लागत नाही, बहुतेक मुलं होतही नाहीत. स्कॅन बऱ्याचदा स्वच्छ येतो, कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो, फोटोत दिसेल अशी जखम नसते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेडाचा त्रास, वर्गात लक्ष न लागणं, हातापायांची चपळाई कमी होणं ही त्याची लक्षणं. आणखी एक लक्षण आहे, ते घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही: एरवीपेक्षा पटकन रडू येणं किंवा चिडचिड होणं.

आता दिवस जुळवून बघा. डोकं आपटलं पहिल्या दिवशी. चेंडू सुटला दुसऱ्या दिवशी, रडू आलं तेही दुसऱ्याच दिवशी. मी डॉक्टर नाही, आणि पत्रावरून निदान करणारा कुणी डॉक्टर भेटलाच तर त्याच्याकडे जाऊ नका. पण तुम्हाला ज्या दिवसाचा अभिमान वाटला आणि ज्या दिवसाची लाज वाटली, तो एकच दिवस आहे. सकाळी उतरला म्हणून शाबासकी आणि दुपारी चेंडू सुटला म्हणून अबोला, हे त्या पोराने कसं समजून घ्यायचं?

रग्बी हा रांगडा खेळ असला तरी या एका बाबतीत त्याचे नियम फार कडक आहेत. कन्कशनचा नुसता संशय आला तरी खेळाडूला तिथल्या तिथे बाहेर काढायचं आणि त्या दिवशी परत उतरवायचं नाही. हे शहाणपण फुकट आलेलं नाही. २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये शाळेच्या एका मॅचमध्ये १४ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला मार बसला, तो खेळत राहिला, त्याच मॅचमध्ये पुन्हा मार बसला आणि तो गेला. पहिल्या हिसक्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. असं क्वचित घडतं, पण घडतं ते मुख्यतः लहान वयातच. त्या मुलाच्या घरच्यांनी पुढे शाळाशाळांतून जागृतीसाठी वर्षानुवर्षं झगडा केला.

तुम्हाला घाबरवायचं नाहीये. बहुतेक मुलं काही आठवड्यांत ठणठणीत होतात. पण महिना होत आला असला तरी या आठवड्यात त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डोकं कधी आपटलं, दुसऱ्या दिवशी खेळला, नंतर किती वेळा प्रॅक्टिसला गेला, सगळं सांगा. सकाळचं पोटाचं दुखणंही सांगा. ते धास्तीचं असण्याची शक्यता जास्त, पण सोबत मळमळ असेल तर डॉक्टरांना कळायला हवी. त्यांचा होकार येईपर्यंत रग्बी बंद, शाळेतलं पी.टी.चं धावणंही त्यांना विचारूनच. परतायचंही टप्प्याटप्प्याने: आधी अभ्यास आणि रोजचं वागणं नीट झालं का ते बघायचं, मग चालणं आणि हलकं धावणं, मग धक्का न लागणारा सराव, आणि टॅकल, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून खाली पाडणं, सगळ्यात शेवटी. कुठल्याही टप्प्यावर डोकं दुखायला लागलं की तिथेच थांबायचं. आणि ज्यांच्या घरी मुलं कुठलाही खेळ खेळतात त्यांच्यासाठी: डोक्याला मार बसल्यानंतर सारख्या उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, हातापायात कमजोरी, दोन-दोन दिसणं, मान दुखणं किंवा उठवूनही नीट जाग न येणं यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. सिव्हिल असो की जवळचं खासगी, जे आधी येईल ते गाठायचं.

माउथगार्ड आणि डोक्यावरची मऊ टोपी यांच्याबद्दलही सांगून टाकते, कारण पालक हमखास विचारतात. माउथगार्डने दात वाचतात, टोपीने खरचटणं कमी होतं. दोन्ही वापरा. कन्कशन मात्र दोन्हींनी टळत नाही.

आता कणखरपणाचं बोलू.

मार बसला की मुलगा घडतो, असं तुम्ही धरून चालला आहात. मार सगळ्यांनाच बसतो हो. काही मुलं त्यातून उभी राहतात आणि काही पुढे आयुष्यभर मागच्या बाकावर जागा शोधत राहतात. माझ्या मते फरक दोन गोष्टींनी पडतो. मार बसण्याआधी कुणी त्याची तयारी करून घेतली होती का, आणि बसल्यावर आजूबाजूची मोठी माणसं कशी वागली.

कविता राऊतचंच घ्या. हरसूलजवळच्या सावरपाड्याची ही मुलगी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक जिंकली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिची गोष्ट सांगताना आपण अनवाणी पायांवरच थांबतो. पण त्या भागातल्या पाड्यांवर अनवाणी चालणाऱ्या, दुरून पाणी आणणाऱ्या मुली काय कमी होत्या? हाल सगळ्यांच्याच वाट्याला होते. तिला नाशिकमध्ये विजेंद्र सिंग यांच्यासारखा प्रशिक्षक मिळाला, वर्षानुवर्षांचा शिस्तीचा सराव मिळाला. नुसत्या हालांनी पदकं मिळत असती तर आपल्या जिल्ह्यात घरोघरी मिळाली असती.

आणि तुमचा मुलगा मवाळ आहे हे कशावरून? ढकललं तर उलट ढकलत नाही, यावरून? तुमच्याच पत्रात लिहिलंय की वर्षभर तो बाकावर होता. म्हणजे खेळायला मिळणार नाही हे माहीत असताना तो वर्षभर प्रॅक्टिसला जात राहिला. थंडीतल्या नाशिकच्या सकाळी, दव पडलेल्या मैदानावर, दुसऱ्यांसाठी चेंडू गोळा करायला. मोठी माणसं महिनाभराचे पैसे भरून जिमला आठवडाभर जात नाहीत. तुम्ही त्याचं एक रडणं मोजलंत, या सकाळी मोजायच्या राहून गेल्या. मी त्याच्या जागी असते तर तिसऱ्याच महिन्यात सरांना राम राम ठोकला असता.

बाकाचा प्रश्न मला मारापेक्षा मोठा वाटतो. शाळांमध्ये बऱ्याचदा सेव्हन्स खेळतात. मैदानात ७ आणि राखीव ५. सात-सात मिनिटांचे दोन भाग, की मॅच संपली. एवढ्या छोट्या मॅचमध्ये जिंकायचंच असं ठरवलं की राखीव मुलांना वर्षभर टॉवेल आणि बाटल्याच सांभाळायला लागतात. मग अचानक एक दिवस त्याला स्पर्धेत उतरवायचं, आणि तो चुकला की म्हणायचं दबाव झेपत नाही! दबाव झेपायला आधी लहान दबावांची सवय लागते. आंतरवर्गीय मॅच, शेजारच्या शाळेबरोबर मैत्रीची मॅच, हरलं तरी चालेल असे सामने. ही सोय शाळेने करायला हवी आणि पालकांनी मागायला हवी.

रग्बी वाईट खेळ आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. उलट तुम्हाला जे हवंय ते या खेळात भरपूर आहे, फक्त तुम्ही समजताय त्या जागी नाही. पहिली गोष्ट, चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तर बाजूला किंवा मागे. चेंडू घेऊन धावणारा सगळ्यात पुढे असतो आणि त्याला मदत मिळते ती मागून, म्हणून मागची मुलं न बोलता धावत राहिली तर खेळ तिथेच संपतो. दुसरी गोष्ट, टॅकल होऊन खाली पडलेल्याने चेंडू धरून ठेवायचा नसतो, लगेच सोडायचा असतो. त्याचे सोबती येऊन त्याच्यावरून चेंडू ताब्यात घेतात आणि तोवर हा उठून पुन्हा धावायला लागतो. एका मॅचमध्ये प्रत्येक जण कितीतरी वेळा पडतो. पडण्यात विशेष काही उरतच नाही. खांद्याच्या वर टॅकल केलं तर शिक्षा. रेफ्रीशी वाद घालायचा नाही, काही विचारायचं तर कॅप्टनने. मॅच संपली की दोन्ही संघ समोरासमोर रांगा करून एकमेकांसाठी टाळ्या वाजवतात, हरलेल्यांसाठीसुद्धा. तुमच्या शाळेच्या स्पर्धेत हे झालं का? विचारा त्याला. झालं असेल तर ते त्याने कधीतरी तुम्हाला सांगावं असं वातावरण घरात आहे का, तेही बघा.

टॅकल शिकवण्याची एक पद्धत आहे, ती डोळ्यांनी बघून या. चांगले सर आधी दोन्ही मुलांना गुडघ्यांवर बसवतात. एक जण नुसता रांगत पुढे येतो, दुसरा खांदा त्याच्या मांडीला लावतो, गाल पाठीमागच्या बाजूला घट्ट चिकटवतो आणि हातांनी कवळ घालतो. डोकं कधीही समोरच्याच्या पुढे येऊ द्यायचं नाही, बाजूला किंवा मागे ठेवायचं. हे जमलं की एकाने उभं राहायचं, मग चालत, मग हळू धावत. सोबत पडायचं कसं हेही शिकवतात: हनुवटी छातीला, चेंडू पोटाशी, हात बाहेर टेकवायचा नाही. एखाद्या शनिवारी अर्धा तास कडेला उभं राहिलात तर कळेल की तिथे हे चाललंय, की "घुसा रे, घाबरता काय" एवढंच चाललंय. दुसरा प्रकार असेल तर तिथे मुलगा घडणार नाही, मोडेल. गुडघ्यांवरून सुरुवात करणाऱ्या सरांकडे मात्र माझ्या ओळखीतली सगळ्यात घाबरट मुलंसुद्धा मी डोळे झाकून पाठवीन.

सरांशी बोलायचं आहेच. तावातावाने जाऊ नका. शाळेतले एकटे पी.टी.चे सर सगळ्या इयत्ता सांभाळून टीम चालवत असतात, त्यातून मिळणारं मानधन विचारू नये असं असतं. "सर, याचं डोकं आपटलं होतं, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय" इथून सुरुवात करा. मग विचारा: डोक्याला लागल्यावर मुलाला बाहेर काढायचं हे कोण ठरवतं? मैदानावर प्रथमोपचार येणारं कुणी असतं का? दवाखान्यात न्यायला गाडी कुणाची, आणि पालकाला फोन कोण करतं? वजनात फार फरक असलेल्या मुलांची टॅकलची जोडी लावता का? या प्रश्नांवर सर चिडले तर तेही उत्तरच समजा. आणि पहिल्या दिवशी डोकं आपटलं हे त्यांना कुणी सांगितलं होतं का, हेही बघा. बरीच मुलं सांगत नाहीत. का सांगत नाहीत, तर सांगितलं की बाकावर बसावं लागेल आणि बाबांना वाटेल आपण भित्रे. तुमच्या मुलाने निदान गरगरतंय हे तोंडाने सांगितलं. दुखतंय ते वेळेवर आणि स्पष्ट सांगणं याला मी कणखरपणाच म्हणते. ते टिकवायचं असेल तर सांगितल्याचं कौतुक व्हायला हवं. गप्प राहून उतरण्याचं झालं तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि पुढच्या वेळी कदाचित सांगणं जास्त गरजेचं असेल.

आता तो गाडीवरचा अबोला. पंचवटी ते सिडको, द्वारकेच्या गर्दीतून, मागे बसलेला पोरगा आणि पुढे तुमची पाठ. तुम्हाला वाटलं असेल की बोललो असतो तर जास्त लागलं असतं. खरंही असेल. पण मुलं अबोल्याचा अर्थ लावतात आणि तो नेहमी वाईटच लावतात. हरलेल्या मॅचनंतर काय बोलायचं हा सगळ्याच पालकांचा प्रश्न आहे, तर माझं उत्तर सोपं आहे: खायचं बोला. "मिसळ खायची का?" एवढं पुरतं, आणि नाशिकमध्ये मिसळ काही शोधावी लागत नाही. मॅचचं पोस्टमार्टेम त्याच दिवशी नको. तो स्वतःहून बोलला तर ऐकायचं, आणि "पण तू असं करायला हवं होतंस" हे वाक्य सरांसाठी सोडायचं, त्यांना त्याचा पगार आहे. तुम्ही म्हणालेलं "रडायचं असेल तर खेळू नकोस" अजून त्याच्या डोक्यात असणार. ते मागे घ्या. फार भाषण न करता, जेवताना. "त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, तुझ्या डोक्याला लागलं होतं हे माझ्या लक्षात यायला हवं होतं." बास.

आणखी एक गोष्ट खटकली. अख्ख्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, बायकोचं आहे, मुलाचं मात्र "पोटात दुखतंय" आणि "गरगरतंय" याखेरीज एक वाक्य नाही. सोडू द्या म्हणणाऱ्या आईनेही त्याला विचारलंय का? त्याला कदाचित सोडायचंच नसेल. कदाचित त्याला फक्त एखादा सीनिअर नको असेल, किंवा त्या ग्राउंडवर पुन्हा जायची लाज वाटत असेल, किंवा टॅकलची भीती असेल पण धावणं आवडत असेल. या चारही गोष्टींची उत्तरं वेगवेगळी आहेत. "खेळायचंय की नाही?" असा सरळ सवाल टाकलात तर तो तुमचा चेहरा बघून उत्तर देईल. त्यापेक्षा "प्रॅक्टिसमध्ये कुठला भाग बरा वाटतो, कुठला नको वाटतो?" असं विचारा, समोरासमोर बसून नाही तर चालता-चालता.

सोडायचं की नाही, हा निर्णय आज घेऊच नका. डॉक्टरांच्या विश्रांतीमुळे तसेही काही आठवडे मिळणार आहेत. त्या काळात त्याची इच्छा असेल तर त्याने टीमसोबत जावं, पाणी द्यावं, स्कोअर लिहावा. घरी बसावंसं वाटलं तर बसू द्या. नंतर डॉक्टरांचा होकार आला आणि त्याला परत जायचं असेल तर आधी टॅग किंवा टच रग्बी. टॅगमध्ये कमरेच्या पट्टीची फीत खेचायची, टचमध्ये नुसतं शिवायचं, अंगावर जायचंच नाही. पास, धावणं, जागा शोधणं सगळं तेच. खूप ठिकाणी लहान मुलांची सुरुवात यानेच करतात. यात त्याचा हात बसला की टॅकलकडे तो स्वतःच वळेल, किंवा वळणार नाही.

आणि सोडायचं ठरलं तर? सोडण्याचीही रीत असते, आणि तुमच्या 'सवय लागेल' या भीतीवर माझ्याकडे तेवढंच औषध आहे. पोटदुखीचं कारण सांगत हळूहळू नाहीसं व्हायचं नाही. त्याने स्वतः सरांना भेटून सांगायचं, जर्सी धुऊन, घडी करून परत द्यायची, टीममधल्या पोरांना सांगायचं. तुम्ही हवं तर गेटपर्यंत जा. तेरा वर्षांच्या मुलाला हे बोलणं एखाद्या टॅकलइतकंच जड जातं. दहावीत खेळाचे सवलतीचे गुण मिळतील म्हणून त्याला धरून ठेवू नका, हे लिहून ठेवते कारण चार महिन्यांनी कुणीतरी नातेवाईक ते काढणारच.

तेराव्या वर्षी धरलेला खेळच शेवटचा असतो असंही नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रोइंग शिकला ते सैन्यात गेल्यावर, आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला गेला. कबड्डीत घालू का, असं तुमच्या मनात येईल. जरूर घाला, पण रग्बीपेक्षा सोपं म्हणून नको. पकड काही कमी अंगावर येत नाही. पळणं आहे, पोहणं आहे, सायकल आहे, रविवारी रामशेजवर चढणं आहे. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल करावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, तेवढी अट घरात जरूर ठेवा. शरीर दमवणारं काहीतरी करायचं, ही सूट मिळणार नाही. ते काय असावं हे त्याने ठरवायचं, चौकशी त्याने करायची, फॉर्म त्याने भरायचा. सही आणि फी तेवढी तुमची.